सोळा आण्यांच्या साखळीने चंद्रापर्यंत

धान कापून झालं आहे. बांधीत धसकटं उरली आहेत, चिखल वाळून त्याला भेगा पडल्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाची ही बांधी समजा. आरमोरीकडची, धानोऱ्याकडची, चामोर्शीकडची, तुमच्या ओळखीची जी असेल ती. एका बाजूला धुरा, धुऱ्यावर मोहाचं झाड, पलीकडे जंगल. दिवस मावळायला अजून तासभर आहे. आपल्या मननाला एवढी जागा पुरते. डोळे मिटू नका. सुरुवात हाताने आणि डोळ्यांनीच करायची आहे.

तुमच्या उजव्या हातात पितळी मूठ आहे. मुठीला लोखंडी साखळी जोडलेली आहे. जाड तारेचे सरळ दांडे, प्रत्येक दांड्याची दोन्ही टोकं वळवून केलेले डोळे, आणि त्या डोळ्यांत अडकवलेल्या बारक्या कड्या. ठरावीक अंतरावर पितळी बिल्ला लोंबतो. साखळी ओढली की आधी खुळखुळते, मग एकेक दांडा सरळ होत जातो, आणि एका क्षणी ती गप्प होते. ताण बरोबर आला हे हाताला कळतं. लांबी ३३ फूट, भाग १६, आणि एका भागाला म्हणायचं आणा. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. ही शंकू साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा, आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर.

तुमच्या भागातल्या जुन्या कागदांत कदाचित हिची मोठी बहीण भेटेल. हा भाग तेव्हा ज्या चांदा जिल्ह्यात येई तो मध्य प्रांतात होता, आणि तिकडच्या मोजणीत ६६ फुटांची गंटर साखळी चाले. शंभर कड्या, दहा चौरस साखळ्यांचा एकर, ऐंशी साखळ्यांचा मैल. पटवाऱ्याचा नकाशा मैलाला १६ इंच या मापाचा, म्हणून नकाशावरच्या एका इंचात बरोबर पाच गंटर साखळ्या बसत. आपण मात्र ३३ फुटांचीच हातात ठेवू. ती एका माणसाला सहज पेलते.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक माणूस आहे. साखळीला नेहमी दोघं लागतात. पुढचा चालतो, ताणतो, जमिनीत लोखंडी सळी खोचतो. मागचा त्या सळीपर्यंत येतो, ती उपटून हातात घेतो. पुढच्याकडे सुरुवातीला दहा सळ्या असतात. त्या संपल्या आणि मागच्याच्या हातात दहा जमल्या, की दहा साखळ्या झाल्या. सळ्या परत पुढे द्यायच्या, वहीत एक रेघ मारायची. मोजणीतलं मोजणं एवढंच असतं. कुणालाही मोठा आकडा डोक्यात धरून ठेवावा लागत नाही.

आता चंद्र उगवू द्या. पुढच्या माणसाला सांगा, तिकडे चल.

चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर आहे. एक शंकू साखळी १०.०५८४ मीटरची. भागाकार केला की ३ कोटी ८२ लाख साखळ्या येतात. हा आकडा वाचून सोडून देऊ नका. नुसता आकडा मनाला काहीच करत नाही. तो चालून बघा. ताणणं, सळी खोचणं, उपटणं, पुढे सरकणं, याला एक मिनिट धरा. रात्र नाही, जेवण नाही, पाऊस नाही. मिनिटाला एक साखळी या गतीने चंद्रापर्यंत जायला बहात्तर वर्षं आणि सुमारे आठ महिने लागतात. म्हणजे साखळीच्या मापाने चंद्र एका आयुष्याइतका दूर आहे. आज जन्मलेलं मूल चालत सुटलं तर म्हातारपणी पोचेल. इथे थोडं थांबा. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या माणसाचा चेहरा आठवा आणि त्याच्या सगळ्या मिनिटांची एकामागे एक साखळी पसरून बघा.

सूर्याकडे हीच चाल धरली तर आयुष्य पुरत नाही. सूर्यापर्यंतचं अंतर खगोलशास्त्रात एक एकक म्हणूनच वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ साली ते १४९ अब्ज ५९ कोटी ७८ लाख ७० हजार ७०० मीटर इतकं पक्कं करून टाकलं. साखळ्यांत ते होतं १,४८७ कोटी २९ लाख. मिनिटाला एक या हिशेबाने अठ्ठावीस हजार वर्षं. शेती सुरू होऊन एवढी वर्षं झालेली नाहीत. हीच वाट प्रकाश ८ मिनिटं १९ सेकंदांत चालून येतो.

आणखी पुढे जाऊ. एका प्रकाशवर्षाला याच चालीने १७९ कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास धरतात. समजा विश्व जन्मलं त्याच क्षणी मोजणीची एक जोडी निघाली आणि आजवर एकदाही थांबली नाही. सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तिथे ती पोचली असती. सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्यालाही मागे टाकलं असतं. पण व्याध साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा पुढे आहे. हिवाळ्यात तुमच्या धुऱ्यावरून दिसणारा तो सगळ्यात तेजस्वी तारा. तिथे ही जोडी अजून पोचलेली नसती.

इथवर आल्यावर मनात एक शंका येते, आणि ती येऊ द्यावी. ताऱ्याचं अंतर साखळीत सांगणं म्हणजे नुसता आकड्यांचा खेळ नाही का? शेताचं माप शेताला, आकाशाचं आकाशाला. दोघांचा एकमेकांशी काय संबंध?

महाराष्ट्रातल्याच एका माणसाने हा संबंध सुमारे नऊ शतकांपूर्वी एका शिडीत बांधून ठेवला होता. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि सिद्धांतशिरोमणी ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला आणि १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद केली. लीलावतीच्या आरंभी परिभाषा येतात. आठ यवांचं एक अंगुल. चोवीस अंगुलांचा हात. चार हातांचा दंड. दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. आणि याच शिडीच्या बाजूला शेताचं माप: दहा हातांचा वंश, आणि वीस वंश बाजूचा चौरस म्हणजे निवर्तन. यवाच्या दाण्यापासून योजनापर्यंत एकच जिना आहे, आणि निवर्तन त्याच्या मधल्या पायरीवर बसलं आहे.

या पायऱ्या एकदा हळू चढून बघा. निवर्तनाची बाजू दोनशे हात. योजन बत्तीस हजार हातांचं. म्हणजे एका योजनात शेताच्या १६० बाजू. सिद्धांतात चंद्राची कक्षा ३ लाख २४ हजार योजनांची आहे. तेव्हा चंद्राने एक फेरी पूर्ण केली की तो ५ कोटी १८ लाख ४० हजार शेतांच्या कडेने चालून आलेला असतो. हा हिशेब करायला बाहेरचं काहीच लागलं नाही, सगळी मापं एकाच आचार्यांनी दिलेली आहेत.

याच कक्षेला एका कल्पातल्या चंद्राच्या फेऱ्यांनी, म्हणजे ५७,७५,३३,००,००० ने, गुणलं की १८,७१२,०६९,२००,०००,००० योजनं येतात. पूर्वीच्या आचार्यांनी या आकड्याला आकाशाची कक्षा म्हटलं होतं, विश्वाचा परीघ. भास्कराचार्यांनी तिथे जे केलं त्यावर मी खूप वेळ थांबतो, आणि तुम्हीही थांबावं अशी इच्छा आहे. ते म्हणतात, ब्रह्मांड एवढं असो वा नसो. एक ग्रह एका कल्पात जेवढी योजनं चालतो त्याला आकाशकक्षा म्हटलं आहे, आमचं मत एवढंच. आकडा त्यांनी टाकला नाही. पण तो कशाच्या जोरावर उभा आहे आणि कुठवर विश्वास ठेवण्याजोगा आहे, हे त्याच्या शेजारी मांडून ठेवलं. बाराव्या शतकातल्या माणसाचं हे भान मला फार मोलाचं वाटतं.

त्यांच्या शिडीत एक पायरी सैल होती, हेही बघायला हवं. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४,९६७ योजनं दिला आहे. खरा परीघ चाळीस हजार किलोमीटर धरला तर त्यांचं योजन आठ किलोमीटरांचं ठरतं. पण कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात दीड फुटाचा धरून शिडी चढलं तर तेच योजन चौदा किलोमीटरांच्या पुढे जातं. बांधीतला हात आणि आकाशातलं योजन एकमेकांना नीट भेटत नाहीत. मधल्या पायऱ्या प्रत्यक्ष जमिनीवर कुणी मोजून जोडल्या नव्हत्या.

ती जोडणी ज्या मोजणीने झाली तिचा पहिला म्होरक्या या भागातच मातीत आहे. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर वरोऱ्यानंतर हिंगणघाट लागतं. हैदराबादहून नागपूरला जात असताना विल्यम लॅम्बटन तिथे २० जानेवारी १८२३ ला वारला. त्याची कबर हिंगणघाटातच आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याने मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजायला घेतली. त्याची साखळी पोलादाची, शंभर फुटांची, अडीच फुटांच्या चाळीस दांड्यांची. साडेसात मैलांच्या रेषेला ५७ दिवस लागले. साखळी जमिनीवर टाकायची नाही, लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, शेजारी तापमापक ठेवायचे आणि ऊन किती होतं ते प्रत्येक वेळी लिहायचं. त्या एका रेषेवर एक त्रिकोण, त्यावर दुसरा, असे त्रिकोण रचत अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे जायचं. मागून जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेलं.

नुसत्या त्रिकोणांनी पृथ्वी मोजली जात नाही. त्याला तारा लागतो. आता अंधार पडला असेल. उत्तरेकडे तोंड करा, हात सरळ लांब करा, मूठ वळा आणि क्षितिजावर टेकवा. तिच्यावर दुसरी मूठ. एक मूठ साधारण दहा अंशांची असते. दोन मुठींच्या वर जो मध्यम तेजाचा एकटा तारा दिसतो तो ध्रुव. चंद्रपूर विसाव्या अक्षांशाच्या अगदी जवळ आहे, म्हणून इथे ध्रुवाला दोन मुठी. (तो नेमका ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा बाजूला आहे, त्यामुळे रात्रभरात किंचित वरखाली होतो.) गोदावरीजवळच्या सिरोंच्यात हा तारा थोडा खाली असतो, देसाईगंजात थोडा वर. दोन गावांतला फरक पावणेदोन अंश. तेवढ्यासाठी जमिनीवर सुमारे एकोणीस हजार साखळ्या उत्तरेला चालावं लागतं. आपल्या अक्षांशावर एका अंशाच्या ११,००६ साखळ्या होतात.

लॅम्बटनने हेच केलं, फक्त मुठींऐवजी डोक्यावरचे तारे मोजणाऱ्या मोठ्या यंत्राने. एकच तारा दोन दूरच्या ठिकाणांहून मध्यरेषेवर येताना बघायचा. आकाशात किती अंशांचा फरक पडला ते एका हाती, जमिनीवर किती साखळ्या झाल्या ते दुसऱ्या हाती. भागाकार केला की पृथ्वी हातात येते. आकाशातलं माप जमिनीच्या मापात असं सांधलं गेलं, आणि ज्यांच्या खांद्यांवरून यंत्रं, तंबू, पेट्या गेल्या त्या माणसांतली बरीचशी तापाने गेली. गोदावरी आणि कृष्णेमधल्या जंगलात एव्हरेस्टची तुकडीच्या तुकडी आजारी पडली होती. सिरोंच्याच्या माणसाला तो ताप समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या एका साखळीवर परत या. एक साखळी उत्तरेला सरका. ध्रुव किती वर चढला? एका अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. एका साखळीने ध्रुव सुमारे ०.३३ विकला वर जातो. डोळ्याला अशक्य. पण हाच आकार लक्षात ठेवा. १८३८ साली जर्मनीतल्या फ्रीड्रिख बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा मोजलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा तो तारा मागच्या ताऱ्यांसमोर किंचित हलताना दिसतो. बेसेलला मिळालेला कोन ०.३१४ विकलांचा होता. तुम्ही बांधीत एक साखळी सरकल्यावर ध्रुव जेवढा उचलला जातो, जवळजवळ तेवढाच. तारे किती दूर आहेत हे माणसाला कळलं ते एवढ्या बारक्या हालचालीवरून, आणि तुमच्या पायाखालच्या तेहतीस फुटांत ती हालचाल रोज घडते.

जिना आता पूर्ण दिसतो. साखळीवर पायारेषा, पायारेषेवर त्रिकोण, त्रिकोणांवर पृथ्वीची त्रिज्या. पृथ्वीच्या दोन टोकांवरून शुक्राला सूर्यबिंब ओलांडताना बघून सूर्याचं अंतर. ९ डिसेंबर १८७४ च्या अशा संक्रमणाला रुरकीत कर्नल टेनंट यंत्रं मांडून बसला होता. सूर्याच्या अंतरावर ताऱ्याचं अंतर. तेव्हा मघाची शंका सोडून द्या. व्याधाचं अंतर साखळीत सांगणं म्हणजे ज्या वाटेने ते अंतर वर गेलं त्याच वाटेने ते खाली आणणं.

पण वाटेत काय काय सोबत येतं, याचं मनन केल्याशिवाय पुढे जाऊ नये. लोखंड तापलं की वाढतं. जानेवारीतल्या पहाटे चंद्रपूरला अकरा-बारा अंश असतात, मे महिन्यात दुपारी पारा ४६ च्या वर जातो. एवढ्या फरकाने आपली साखळी चार मिलिमीटरने लांब होते. गुंठा मोजताना चार मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. आता त्याच मे महिन्यातल्या साखळीने सूर्यापर्यंत मोजा. साठ हजार किलोमीटरांची चूक. पृथ्वीसारख्या चार पृथ्व्या ओळीने त्या फटीत बसतील. साखळी बदलली नाही, माणसं बदलली नाहीत, नुसतं ऊन बदललं. लॅम्बटन प्रत्येक साखळीशेजारी तापमापक का ठेवत होता, ते असं आकाश मध्ये आणलं की पोटातून समजतं.

बेसेलने आपल्या कोनाशेजारी चूकही लिहिली होती: ०.०२ विकला इकडे किंवा तिकडे. आजचं माप ०.२८६ विकला आहे. त्याच्या चुकीच्या अंदाजापेक्षा थोडं जास्तच अंतर पडलं, पण वाचणाऱ्याला कुठे सावध राहायचं ते त्याने सांगून ठेवलं होतं. भास्कराचार्यांचं ते असो वा नसो आणि बेसेलचे हे दोन शतांश, दोन्ही मला एकाच घरातली वाटतात.

आता उलट करू. मोठं छोटं करून बघू, कारण मघाच्या कोटीकोटींनी मन थकलं असणार. पृथ्वी ते सूर्य हे सगळं अंतर एका साखळीत ठेवा. मागच्या मुठीशी सूर्य, साडेनऊ सेंटिमीटरांहून जरा कमी. पुढच्या मुठीशी पृथ्वी, एक मिलिमीटरही नाही. तिच्यापासून इंचभर अंतरावर चंद्र. प्रकाश या साखळीवर ८ मिनिटं १९ सेकंदांत जायला हवा, म्हणजे सेकंदाला दोन सेंटिमीटर. धुऱ्यावरून चाललेली मुंगी बघा. तो प्रकाश. एका आण्याला तिला एकतीस सेकंद लागतात. तिच्याबरोबर डोळ्याने एक आणा तरी चाला, घाई न करता.

गुरू पाच साखळ्यांवर, तीनचार बांध्या सोडून. नेपच्यून तीस साखळ्यांवर, तीनशे मीटर, कदाचित गावच्या तलावाच्या पाळीपाशी. त्यानंतर पुढचा तारा २ लाख ६८ हजार साखळ्यांवर, सत्तावीसशे किलोमीटर. अख्ख्या भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. तलावाच्या पाळीपासून थेट तिथवर मध्ये जवळजवळ काही नाही, आणि मुंगी सव्वाचार वर्षं चालते आहे.

सप्तर्षींसाठी हेही माप अपुरं पडतं, म्हणून एका साखळीला एक प्रकाशवर्ष म्हणू. एका प्रकाशवर्षात खऱ्या साखळ्या किती, ते भास्कराचार्यांनी संख्यास्थानांना दिलेल्या नावांत सांगायचं तर ९ जलधी, ४ शंकू, ५ निखर्व, ८ खर्व. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंडांच्या ताऱ्यांच्या ज्ञानाची नोंद २०१३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. या खाटेचे खूर बांधीत रोवून बघा. पुलह, पुलस्त्य आणि अत्री हे तीन खूर ऐंशी साखळ्यांच्या आसपास, अर्ध्या मैलावर. चौथा, क्रतू, एकशे तेवीस साखळ्यांवर. खाटेचा एक खूर चाळीस साखळ्या मागे गेलेला आहे. चोरांतले पहिले दोघे पुन्हा ऐंशीच्या जवळ, आणि शेवटचा मरीची शंभराच्या पुढे. आकाशात सपाट दिसणारी खाट जमिनीवर मोजून मांडली की तिला खोली येते. मोजणीचा हा लाभ मला सगळ्यात जास्त आवडतो.

एव्हाना काळ बदलला आहे, आणि जिन्याची दिशाही. १९६१ साली शुक्रावर रेडिओ लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी मोजला गेला, तेव्हापासून सूर्याच्या अंतराला पृथ्वीवरच्या साखळीची गरज उरली नाही. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या गतीवरून ठरतो. म्हणजे हातातली ही शंकू साखळी आता प्रकाशाने मोजली जाते: प्रकाश हिच्यावरून एका सेकंदाच्या तीन कोटीव्या भागात निघून जातो. भूमी अभिलेखाचा मोजणीदार आता खांबावर बसवलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संकेत टिपणारं यंत्र, घेऊन येतो. तो ज्या उपग्रहांना विचारतो ते वीस लाख साखळ्या उंचीवर फिरत असतात, आणि ते उपग्रह व पृथ्वी नेमकी कुठे आहेत हे ठरवायला शेवटी कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे, लागतात. पूर्वी शेतातून आकाश मोजलं. आता तुमचा धुरा आकाशातून मोजला जातो.

आणि धुराही जागेवर नाही. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरने ईशान्येकडे सरकतो. लॅम्बटनला जाऊन दोनशे वर्षं झाली. तेवढ्यात हिंगणघाटची कबर, तुमची बांधी, मोह, तलाव, सगळं मिळून एक शंकू साखळी पुढे सरकलं आहे. शेजाऱ्याशी तंटा होत नाही, कारण शेजारीही बरोबर सरकतो. उपग्रहाशी हिशेब मात्र ठेवावा लागतो.

या जिल्ह्यांत हा हिशेब नुसता मननाचा विषय नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला चार हेक्टरांपर्यंतच्या जमिनीचा हक्क मान्य केला. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गुंठ्यांत ते पावणेदोन लाखांच्या वर जातं. असे दावे मोजताना हातात बहुतेक वेळा मोबाइलएवढं जीपीएस यंत्र असतं, आणि झाडीखाली त्याची चूक तीन-पाच मीटर सहज होते. आपल्या साखळीवर ते पाच ते आठ आणे. अठराशे हेक्टरांना त्याचं फारसं काही होत नाही. पण एका एकराच्या चौकोनी तुकड्याची बाजू सव्वासहा साखळ्यांची असते, आणि त्याचे कोपरे तीन-तीन मीटर इकडेतिकडे झाले तर दोन-तीन गुंठे वाढतात किंवा जातात. वनहक्काच्या पट्ट्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, दशांशचिन्हापुढच्या आकड्यांसकट, जणू दगडावर कोरल्यासारखं लिहिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढं आहे. पट्ट्याच्या नकाशावर क्षेत्रफळाच्या शेजारी दुसरा एक आकडा छापावा: मोजणी कुठल्या यंत्राने झाली आणि क्षेत्र किती गुंठ्यांनी कमीजास्त असू शकतं. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचावा, आण्यांत आणि गुंठ्यांत, म्हणजे धुऱ्यावर बसलेल्या म्हातारीलाही कळेल. ज्या तुकड्यावर घरचं धान पिकतं तो रोव्हरने पुन्हा मोजून मागण्याचा हक्क तिला असावा, आणि त्याचे पैसे तिच्याकडून घेऊ नयेत.